माल कुठला?

करोडगिरी उठली आणि भालचंद्रराव अंबडकरांचं नाक बेकार झालं.

बाकी काही बिघडलं नव्हतं. पगार चालू होता, मस्तगड मोहल्ल्यातलं बिऱ्हाड होतं तिथंच होतं आणि पत्नी नीलाबाई पूर्वीइतक्याच बोलत होत्या. पण निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारं जे करोडगिरी खातं होतं, त्याच्या जालन्याच्या नाक्यावर भालचंद्ररावांनी उभी नोकरी काढली होती, आणि ती सगळी नाकाच्या जोरावर काढली होती. गाठोडं समोर आलं की कारकून विचारायचा, "रावसाहेब, माल कुठला?" भालचंद्रराव आधी हुंगायचे, मग दोन बोटांत चुरडायचे, मग डोळे मिटायचे. तेवढ्यात व्यापाऱ्याला घाम फुटायचा. डोळे उघडून ते म्हणायचे, "जपान. पण गाठ मुंबईत पुन्हा बांधलीय." आणि ते तसंच निघायचं. निदान तसं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा एक नेम होता. मालावरची चिठ्ठी वाचायची नाही. चिठ्ठी व्यापारी लिहितो, व्यापाऱ्याला जकात चुकवायची असते, तेव्हा चिठ्ठी वाचणं म्हणजे चोराला वाट विचारणं. म्हणून तपासणीआधी ते चिठ्ठी काढून बाजूला टाकत, मगच नाक पुढे करत. नवीन लोकांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं. त्यातले काही पुढे चिठ्ठ्या वाचू लागले आणि त्यांना बढत्या मिळाल्या, पण ते सोडून द्या.

पुढे संस्थान गेलं, मागोमाग नाकाही गेला, आणि भालचंद्ररावांना दुसऱ्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथं आलेलं पाकीट कुठून आलं हे पाकिटावरच लिहिलेलं असायचं, वर सरकारी शिक्का. संशय घ्यायला जागाच नाही. माणूस आतून तळमळायला लागला. बोटं स्वस्थ बसेनात. बाजारात वांगं हातात घेऊन म्हणत, "ह्याला कुंभार पिंपळगावचं पाणी आहे." माळीण म्हणे, "घ्यायचं तर घ्या, न्हाई तर ठिवा." घरी आलेल्या पाहुण्याच्या उपरण्याचं टोक ते बोलता बोलता चाचपून बघत.

"अहो, ते आपले व्याही आहेत," नीलाबाई आत बोलावून सांगत.

"व्याही आहेत, पण उपरणं इचलकरंजीचं सांगून राह्यले, आणि ते तिकडचं न्हाई."

"मंग काय पंचनामा करता?"

विचारणारं कुणी उरलं नव्हतं, हे त्यांचं दुखणं होतं. माणसाला भूक लागते तशी त्यांना त्या दोन शब्दांची भूक लागायची.

अशात एके दिवशी पुंजाराम अण्णा त्यांना स्टेशनरोडच्या हॉटेलात भेटले. अण्णा मूळ आष्टीचे जमीनदार. कापसाला चांगला भाव आला त्या साली त्यांनी जालन्यात टाकी काढली होती. सिनेमाची, पाण्याची नव्हे. टाकी चालायची, पण चित्रं यायची ती औरंगाबाद, परभणी, नांदेड सगळीकडे झिजून. पडद्यावर कायम पाऊस, आणि नायिका बोलायला तोंड उघडायची तेवढ्यात पुढचा प्रसंग सुरू व्हायचा.

"अंबडकर सायेब, एक काम हाय," अण्णा म्हणाले. "मुंबईहून मशीन आणलं ना म्या, त्याच्या पेटीत भुश्याच्या जागी कागद कोंबेल व्हते. उलगडून बघतो तर इलायती शिनेमाचे पोस्टरं. पेटी भरून!"

"मंग?"

"मंग काय, चित्रं वाटणारे मोहिले सायेब हायेत ना मुंबईचे, त्यायला हे जमवायचा नाद हाय. लोक तिकिटं जमवतेत तसा. पर ते म्हणले, कोणतं पोस्टर कोणत्या देशाचं ते लावून ठिवा. हैदराबादेला जाता जाता उतरतो, मला येळ न्हाई, म्हणले. खूश झाले तर नवं चित्र आधी जालन्याला देतो म्हणले." अण्णांनी कपबशी बाजूला सारली. "आता तुमीच सांगा, माल कुठला?"

हॉटेलात तेवढ्यापुरती शांतता झाली, असं भालचंद्ररावांना वाटलं. प्रत्यक्षात भजी तळली जात होती. त्यांनी टोपी सारखी केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "अण्णा, पेटी घरी पाठवा. एकूण एक पोस्टराचा देश सांगतो. एक जरी चुकला, तर ह्या भालचंद्र अंबडकराला पुन्हा कुणी माल विचारू नका."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण बोलून गेले, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मस्तगडात पोचलं.

पेटी आली. मधल्या खोलीत पोस्टरं पसरली तेव्हा चालायला जागा उरली नाही. घोडे, पिस्तुलं, जहाजं, आणि जिकडेतिकडे उघड्या खांद्यांच्या बाया. नीलाबाईंनी देव्हाऱ्यापुढचा पडदा ओढून घेतला आणि वाकून बघू लागल्या.

"अहो, हे खाली पांढऱ्या पट्टीत बारीक काय लिहिलंय? ते तर वाचा आधी."

"नीला," भालचंद्रराव दुखावल्या सुरात म्हणाले, "एवढी वर्षं संसार केलास. मी चिठ्ठी वाचतो?"

आणि नुसतं न वाचून भागणार नव्हतं. चुकून नजर गेली तर? निवाडा बाटायचा. म्हणून त्यांनी मान वर करून, डोळे छताला लावून, कात्रीनं प्रत्येक पोस्टराची खालची पट्टी सरळ कापून काढली. न बघता कापल्यामुळे दोन-चार नायकांचे पाय घोट्यापासून गेले. पण नाक्याची शिस्त म्हणजे शिस्त. पट्ट्या त्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघत नीलाबाईंच्या हवाली केल्या.

"ह्यांचं काय करू?"

"काहीही कर. माझ्या नजरेला पडू देऊ नकोस."

मग खरं काम सुरू झालं. पहिलं पोस्टर हुंगलं, खजुराचा वास. दुसरं हुंगलं, खजुराचा वास. घोडेवालं, जहाजवालं, सगळी खजूर. भालचंद्रराव अस्वस्थ झाले. खजूर यायचा इराकातल्या बसऱ्याहून, पण सगळं जग तिथून आलं असेल हे त्यांनाही पटेना. चौकशीअंती कळलं, की अण्णांच्या गड्यानं पोस्टरं पावसात भिजू नयेत म्हणून खजुराच्या रिकाम्या चटयांत गुंडाळून पेटीत भरली होती. म्हणजे नाक पहिल्याच दिवशी बाद.

तोवर शेजार जमला होता. समोरचे रामराव जमादार लढाईच्या काळात फौजेत लॉरी चालवत इटलीपर्यंत जाऊन आलेले. त्यामुळे परदेश म्हटलं की मस्तगडात पहिला मान त्यांचा.

"हे?" भालचंद्ररावांनी बर्फाचा डोंगर दाखवला.

"इटली. बिलकुल इटली."

"आणि हे वाळवंट?"

"इटली. ह्याच्या मागं आमची लॉरी फसली व्हती."

"रामराव, हा तर उंट आहे."

"मंग? इटलीत उंट न्हाई म्हणता? तुमी गेल्ते का आम्ही गेल्तो?"

भालचंद्रराव औरंगाबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

शेजारच्या झुंबरबाई चष्मा नसल्यामुळे पोस्टराच्या अगदी जवळ जाऊन बघत होत्या. त्यांनी एका सोनेरी केसांच्या बाईचा गळा तपासला, हात तपासले, आणि चुकचुकल्या. "काहीच न्हाई गं अंगावर. भालचंद्रा, ही कुठली म्हणून काय इचारतो? माहेरची कुठली का सासरची कुठली, ते आधी सांग."

सगळे हसले. भालचंद्रराव हसले नाहीत. ते एकदम उभे राहिले. कारण कोडं सुटलं होतं. एक बाई तीन पोस्टरांवर होती, तिन्हींवर अक्षरं वेगळी. म्हणजे चित्र जन्मलं एकीकडे, आणि पोस्टर छापलं ते जिथं चित्र नांदायला गेलं तिथं! माहेर अमेरिका, पण पोस्टर सासरचं. मोहिले साहेबांनी विचारलं होतं पोस्टराचं. हा विचार इतका बरोबर होता, की ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले आणि एका पोस्टरावरून घसरले. दुर्दैव एवढंच, की सासर ओळखायचा पक्का पुरावा त्यांनीच कापला होता, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सासरची अक्षरं ओळखायची तर जगाचं सामान हवं. भालचंद्ररावांनी कचेरीतून रजा मागितली. कारण काय लिहू, असं हेडक्लार्कनं विचारलं. "देश ओळखणे" हे कारण नियमात बसेना, तेव्हा पोटदुखी लिहिली. आणि हेडक्लार्क संध्याकाळी ओव्याची पुडी घेऊन घरी आले, ते पोस्टरं बघत जेवूनच गेले. शाळेतला पृथ्वीचा गोल आणायला गेले तर तिथं निराळीच अडचण. गोल वस्तू म्हणून पृथ्वी कधीकाळी खेळाच्या सामानात नोंदली गेली होती आणि ती फक्त ड्रिलमास्तरांच्या सहीनं बाहेर जाऊ शकत होती. ड्रिलमास्तर लग्नाला परतूरला गेलेले. ते आल्यावर पृथ्वी मिळाली, पण तिच्यात यूरोपाच्या जागी खळगा होता. कुणीतरी खरंच खेळलं असावं.

एक पोस्टर मात्र सगळ्यांना वाचता आलं. अक्षरं उर्दूची, उजवीकडून डावीकडे. भालचंद्ररावांचं सगळं शिक्षण उर्दूतून. त्यांनी ते घडाघडा वाचलं, रामरावांनी वाचलं, हेडक्लार्कनीही वाचलं होतं. अर्थ कुणालाच लागेना.

"उर्दू बराबर आहे, पण बोलून काय राह्यलंय?" भालचंद्रराव कपाळ चोळत म्हणाले.

कोपऱ्यावरचे महेबूब टेलर आले, त्यांनी एकवार पाहिलं आणि पोस्टर झटकन जमिनीवरून उचललं. "रावसाब, ये अरबी है. नीचू नक्को रखो."

अरबी अक्षरं, पायदळी नकोत, हे भालचंद्ररावांना लगेच पटलं. त्यांनी ते भिंतीवर टांगायला घेतलं. महेबूबमास्तरांनी डोळे मिटले. "उप्पर भी नक्को, साब. ये बाई कैसी नाच री देखो." अक्षरांमुळे खाली ठेवता येईना आणि बाईमुळे वर टांगता येईना. शेवटी ते गुंडाळून कपाटावर ठेवलं. तिथं ठेवताना खजुराचा वास आला, म्हणून भालचंद्ररावांनी त्यावर "इराक" अशी चिठ्ठी लावली. मुद्दाम सांगतो, स्वतःच्या हातानं चिठ्ठी.

आता त्यांना झोप लागेना, जेवण जाईना. एका पोस्टराचा कोपरा जाळून धुराचा रंग बघितला, त्यात धोतराला भोक पडलं. एकाची खळ चाटून बघितली. "गव्हाची आहे," ते म्हणाले. नीलाबाई म्हणाल्या, "जगात सगळीकडे गव्हाचीच असेल. आता तोंड धुवा." रस्त्यातून जाताना लोक विचारायचे, "काय रावसाहेब, किती देश झाले?" त्यात चेष्टा होती हे त्यांना कळायचं. पण विचारत होते, हेही खरं होतं. ज्या पोस्टराचं काहीच जमेना त्याला ते बेल्जम म्हणू लागले. बेल्जमविषयी कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे तो देश फार उपयोगी पडला.

मोहिले साहेब आले ते गरम कोट घालून. जालन्याच्या उन्हात टांग्यातून उतरताना घामानं निथळत होते, पण कोट काढला तो थेट भालचंद्ररावांच्या घरात आल्यावर. "जरा जपून हं," ते म्हणाले, "लंडनचा आहे." पुंजाराम अण्णांनी तो दोन्ही हातांनी झेलला आणि खुंटीवर लावला. दारात रामराव, झुंबरबाई, महेबूबमास्तर, हॉटेलातली सगळी मंडळी. अण्णा हात जोडून एका अंगाला उभे.

पहिलं पोस्टर साहेबांनी उचललं. भालचंद्ररावांनी लावलेली चिठ्ठी वाचली. पोस्टर उलटं करून बघितलं. दुसरं उचललं. मग तिसरं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"खालची पट्टी कुठंय?"

"कापली, साहेब," भालचंद्रराव छाती काढून म्हणाले. "निवाडा निर्मळ राहावा म्हणून."

"अहो, छापखान्याचं गाव तिथंच असतं! देश तिथंच छापलेला असतो! ती पट्टी असली तरच त्या कागदाला काही मोल, नाही तर ही रद्दी आहे रद्दी! इतकी वर्षं जमवतोय मी, असा छळ कुणी केला नव्हता." त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "आणि हे काय, इराक? हे कैरोचं आहे! आणि इतके बेल्जम कुठून आणलेत? आहेत तरी कुठे त्या पट्ट्या?"

सगळ्यांनी भालचंद्ररावांकडे पाहिलं. भालचंद्ररावांनी नीलाबाईंकडे पाहिलं. नीलाबाई आत गेल्या आणि एक टोपली घेऊन आल्या. पट्ट्या भिजवून, मेथ्या घालून, उखळात कांडून, पातेल्यावर थापून केलेली छान गोल टोपली. कडेला कुंकवाची बोटंही उमटवली होती.

"विलायती कागद चांगला चिवट निघाला," त्या हळूच म्हणाल्या.

साहेबांनी टोपली हातात घेतली. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, इटली, कैरो, सगळं कांडून एकजीव झालेलं. दारातून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग दारातली सगळी मंडळी हसू लागली. भालचंद्ररावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. एक जरी चुकला तर, असं ते म्हणाले होते. इथं बरोबर कुठला होता ते शोधावं लागत होतं.

अण्णांनी मात्र धीर सोडला नाही. नीलाबाईंनी धपाटे आणि दही पुढे केलं, अण्णांनी आग्रह केला, आणि साहेब पोटात काही गेल्यावर थोडे निवळले. "ठीक आहे, पुंजारामशेट," ते म्हणाले. "तुमचा काय दोष? दिवाळीचं चित्र आधी तुम्हाला पाठवतो." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीची वेळ होत आली, साहेब उठले, आणि खुंटीजवळ भालचंद्रराव उभे होते म्हणून कोट त्यांनीच काढून पुढे धरला.

बोटं कापडाला लागली आणि थांबली.

भालचंद्ररावांनी स्वतःहून काही केलं नाही. अंगठा आणि तर्जनी आपली आपण कॉलरवर फिरली, आणि सगळं कळलं. लोकर, पीळ, रंग, वाफ. आत गळ्याशी लंडनची रेशमी चिठ्ठी लखलखत होती, आणि ती धादांत खोटी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना खात्री होती. नाक्यावर असा माल त्यांनी पोत्यांनी पाहिला होता.

साहेबांचं लक्ष गेलं. "काय बघताय? बरं, एवढं तरी सांगा पाहू." ते दारातल्या मंडळींकडे बघून हसले. "माल कुठला?"

अण्णांचा चेहरा भालचंद्ररावांना दिसला. अण्णांना काही कळलं नव्हतं, पण दिवाळीच्या चित्रापायी ते घाबरले होते. एक शब्द, आणि नाव परत मिळत होतं. उद्या हॉटेलात सगळे म्हणाले असते, पट्ट्या जाऊ द्या, पण कोट कसा धरला! शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि समोर हा माणूस, स्वतःच्या रद्दीवर नुकताच रडवेला झालेला, जालन्याच्या उन्हात त्या कोटासाठी घाम गाळणारा, त्यांच्या घरी जेवलेला.

"लंडन, साहेब," भालचंद्रराव म्हणाले. "आत लिहिलंय तसंच."

"हे मात्र बरोबर!" साहेब खूश झाले. दारातली मंडळी पोट धरून हसली. "शेवटी चिठ्ठीच वाचावी लागली की करोडगिरीवाल्याला!" रामराव म्हणाले, आणि टांगा निघाला, त्याच्यामागे सगळे बोलत बोलत स्टेशनकडे गेले. ते हसणं पार चौकापर्यंत ऐकू येत होतं.

भालचंद्रराव पायरीवर बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि केलं ते चुकलं असंही वाटत नव्हतं, त्यामुळे कशाला धरून वाईट वाटून घ्यावं तेच समजेना. नीलाबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या. त्यांनी लग्न झाल्यापासून नवऱ्याला कधी माल विचारला नव्हता. उलट विचारणाऱ्यांना त्या हसत आल्या होत्या.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तो कोट कुठला होता?"

भालचंद्ररावांनी मान वर केली. आधी जरा अडखळले. मग सांगू लागले. कापड अमृतसरचं. लोकर चांगली, पण पीळ सैल, म्हणून कॉलरीला आत्ताच लव सुटलीय. रंग पुन्हा दिलाय. शिलाई मुंबईची, कारण काजं अशी तिरपी फक्त तिकडचे लोक घालतात. गुंड्या शिंगाच्या म्हणून लावल्यात, पण एक बदललेली आहे. सांगता सांगता त्यांची बोटं हवेत कापड चुरडू लागली. चहावर साय धरली तरी नीलाबाई उठल्या नाहीत.

त्यांचं सांगून झालं.

"आणि अस्तर?" नीलाबाईंनी विचारलं. "अस्तर कुठलं होतं हो?"